काजू, नाल आणि ‘दुसरा चंद्र’ : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

विषय पक्का झाला : पृथ्वीच्याच वाटेवरून सूर्याभोवती फिरणारे लघुग्रह. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेच्या सभागृहात आपल्याला एक मोठं टेबल मिळणार आहे. निमित्त सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने २०२५ पीएन७ हा वीसेक मीटरचा दगड टिपला आणि दिवाळीपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर ‘पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला’ची रांग लागली. गेल्या वर्षी २०२४ पीटी५ आला तेव्हा तो ‘अर्जुन’ गटातला (पृथ्वीसारख्याच कक्षांच्या लघुग्रहांचा गट) म्हटल्यावर गाडी थेट कुरुक्षेत्रावर गेली होती.

चमू असा : काका (अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून फिटर म्हणून निवृत्त, हात अजून लेथवरचाच), अकरावीतली थोरली, नववीतली धाकटी आणि मी. थोरलीकडे कोड, धाकटीकडे चित्रं नि फलक, काकांकडे जे जे फिरतं ते सगळं. हिशेब आणि या नोंदी माझ्याकडे.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. थर्माकोलचे गोळे तारेला टांगायचे नाहीत. गोळा पृथ्वीभोवती फिरताना दिसला की बघणारा ‘चंद्रच की हा’ म्हणून पुढच्या टेबलाकडे जाणार, आणि आपल्याला नेमकं तेच खोडायचं आहे.

१० डिसेंबर

अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले, त्यामुळे भेट नाही, फोनवरच बोलणं.

यंत्राची कल्पना सांगितली. वर एक पेन, जो मधल्या खिळ्याभोवती, म्हणजे सूर्याभोवती, लंबवर्तुळात फिरतो. खाली गोल थाळी, तिच्यावर कागद, कागदावर पृथ्वीचा टिपका. पेनची एक फेरी आणि थाळीची एक फेरी सारख्याच वेळात, एका दिशेने. पेन म्हणजे लघुग्रह, थाळी म्हणजे आपण. आता कागदावर जे उमटेल ते पृथ्वीवर बसून दिसणारं चित्र.

काका म्हणाले, “म्हणजे पेन सूर्याभोवती आणि रेघ पृथ्वीभोवती? जमत असंल तं लय मजा आहे.”

जमतंच. लघुग्रहाचं वर्ष आपल्याएवढंच असलं पण कक्षा जराशी लांबट असली, तर तो सूर्याजवळ असताना आपल्यापेक्षा वेगाने जातो, पुढे सरकतो. लांब गेला की रेंगाळतो, मागे पडतो. आत-पुढे-बाहेर-मागे अशी वर्षाची एक फेरी आपोआप पूर्ण होते. या फेरीसाठी पृथ्वीच्या ओढीची गरजच नाही.

दोन नमुने घेऊ. पहिला कामोओआलेवा (२०१६ एचओ३) : २७ एप्रिल २०१६ ला पॅन-स्टार्सनेच शोधलेला, ४० ते १०० मीटरच्या दरम्यानचा, स्वतःभोवती २८ मिनिटांत गरगरणारा. कक्षेचा लांबटपणा ०.१० (शून्य म्हणजे पूर्ण वर्तुळ). दुसरा क्रुइन्या (३७५३), पाचेक किलोमीटरचा, १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगहून डंकन वॉल्ड्रन यांना दिसलेला. याचा लांबटपणा ०.५१५, म्हणजे आतल्या टोकाला शुक्राच्या कक्षेच्याही आत आणि बाहेरच्या टोकाला मंगळाच्या कक्षेपर्यंत. वर्ष ३६४ दिवसांचं.

१४ डिसेंबर, रविवार

लकडगंजातून १२ मिमीची प्लाय आणली, ५० सेमी व्यासाची गोल कापून घेतली. डायनिंग टेबलावरच्या फिरत्या ताटाखाली असतं तसलं बेअरिंग खाली लावलं. काकांनी डायल लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “कडेला दीड मिलिमीटर उड्या मारून राहिली ही. पेन एकीकडे रुतंल, दुसरीकडे अधांतरी.” पितळी पत्र्याच्या शिम सारून संध्याकाळपर्यंत पाव मिलिमीटरवर आणली. माझ्या मते तेवढं पुरे होतं. त्यांच्या मते नाही. पाणसळ घेऊन ते अजून बसलेच आहेत.

मोजमाप : पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १५ सेमी. मग क्रुइन्याचं लांबचं टोक २२.७ सेमीवर येतं, थाळीच्या कडेच्या जरा आत. याहून मोठं प्रमाण घेतलं तर टेबल पुरणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार

पेनची चौकट उभी राहिली. एका बंद पडलेल्या थ्री-डी प्रिंटरच्या सळया, पट्टे आणि स्टेपर मोटारी तशाच वापरल्या. थाळीला वेगळी मोटार. पेन उचलायला छोटा सर्व्हो.

थोरलीने केप्लरचं समीकरण (कुठल्या वेळी लघुग्रह कक्षेत कुठे असेल ते सांगणारं) न्यूटनच्या पद्धतीने सोडवून घेतलं, चार-पाच पायऱ्यांत उत्तर बसतं. हे का लागतं ते धाकटीला पटेना. “गोल गोल फिरवा ना ताई पेन, एका स्पीडने.” एका वेगाने फिरवला तर सगळी गंमतच जाईल. क्रुइन्या सूर्याजवळ असताना लांबच्या टोकाच्या तिपटीहून जास्त वेगात असतो. चित्र घडतं ते या वेगातल्या फरकातून. तिला मोटारीचा आवाज ऐकायला सांगितलं : आतल्या टोकाशी चिरका, बाहेर घरघरता. ते ऐकल्यावर तिने फलकाचा पहिला मसुदा स्वतःहून फाडला.

२८ डिसेंबर, रविवार

पहिली रेघ उमटली.

कामोओआलेवा लावला, थाळीला वर्ष म्हणजे ६० सेकंद दिले. पेन सूर्याच्या खिळ्याभोवती निवांत निघाला. वरून पाहिलं तर जवळजवळ वर्तुळच. थाळीही त्याच्याबरोबर वळतेय, त्यामुळे पेन कागदावर फारसा हलत नाही, नुसता घुटमळतो. मिनिटभराने थाळी थांबवली. पृथ्वीच्या टिपक्याभोवती एक बंद वळसा होता : सूर्याच्या दिशेने ३ सेमी रुंद, वाटेच्या दिशेने ६ सेमी लांब. बरोबर दुप्पट, कागदावरच्या गणितात होतं तसंच.

धाकटी दोनदा पेनकडे, दोनदा कागदाकडे बघून म्हणाली, “पेन तं सूर्याच्याच भोवती फिरून राहिला. मंग हा पृथ्वीभोवती गोल कुठून आला?” हाच प्रश्न प्रत्येक बघणाऱ्याच्या तोंडून निघाला तर प्रकल्प वसूल.

मग मी पट्टी घेऊन पृथ्वीची हद्द आखली. पृथ्वीच्या ओढीचं राज्य सूर्याच्या ओढीपुढे टिकतं ते साधारण १५ लाख किमीपर्यंत. आपल्या प्रमाणात १.५ मिमी. म्हणजे पृथ्वीचं अख्खं राज्य ३ मिमीचा टिपका, आणि खऱ्या चंद्राची कक्षा त्या टिपक्याच्या आत, पाऊण मिमीची. मार्करच्या टोकाने तिच्यावर आधीच शाई फासलेली होती. कामोओआलेवाचा वळसा त्या टिपक्याच्या जवळात जवळ येतो तो दीड सेमीवर, प्रत्यक्षात सुमारे दीड कोटी किमी. काका चष्मा वर करून कागदाशी वाकले : “चंद्र इथं, आन् हा तिकडं? याले चंद्र कोण म्हणते?”

क्रुइन्याची रेघ नंतर काढली. मधून चेपलेला, एका बाजूला वाकलेला मोठा आकार आला. सगळे एकदम ‘काजू’ म्हणाले. आजपासून एका वर्षाच्या कुठल्याही वळशाला काजू म्हणायचं, पुस्तकातलं नाव परीक्षकांपुढे.

आपलं यंत्र सपाट आहे, खऱ्या कक्षा तिरप्या. कामोओआलेवाची पावणेआठ अंशांनी, क्रुइन्याची जवळपास वीस अंशांनी. कागदावर क्रुइन्या आपली वाट ओलांडताना दिसतो, तिथे प्रत्यक्षात तो वरून किंवा खालून जातो. फलकावर हे मोठ्या अक्षरात हवं, नाहीतर टक्कर-टक्कर सुरू होईल.

४ जानेवारी २०२६, रविवार

थोरलीने आज जे केलं त्याने मला स्वतःला हा विषय नव्याने कळला. तिने कामोओआलेवाच्या आकड्यांत एकच आकडा बदलला : सुरुवातीची जागा ६० अंश पुढे. तोच ३ बाय ६ सेमीचा काजू, फक्त आता पृथ्वीला सोडून वाटेवर सहाव्या हिश्शाइतका पुढे. हा झाला ट्रोजन. पृथ्वीभोवती बसवला तर क्वासी-सॅटेलाइट, ६० अंश पुढे किंवा मागे बसवला तर ट्रोजन. आणि काजू स्वतःच हळूहळू वाटेवरून घसरत गेला तर? ते तिसरं चित्र या थाळीवर येणार नाही, त्याला पृथ्वीची ओढ लागते. ते स्क्रीनवर करू.

म्हणजे दोन चाली आहेत. वर्षाचा काजू सूर्याच्या हुकमातला. काजूचं सरकणं शतकांचं, आणि फक्त तेवढ्यात पृथ्वीचा हात. फलक या दोन वाक्यांवर उभा करायचा.

पृथ्वीचे ट्रोजन खात्रीचे दोनच सापडलेत. २०१० टीके७ : वाइज या अवकाश दुर्बिणीने टिपलेला, ३०० मीटरचा, २०११ मध्ये कॉनर्स, वीगर्ट आणि वेयाये यांनी ट्रोजन म्हणून ओळखलेला. दुसरा २०२० एक्सएल५, सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, जो आणखी चारेक हजार वर्षं तिथे राहील असा हिशेब आहे. दोघेही पुढच्या, म्हणजे एल४ बाजूचे. इतके कमी का? ती जागा आपल्या आकाशात सूर्यापासून ६० अंशांवर येते, दुर्बिणीला संधिप्रकाशाच्या आसपास, क्षितिजाकडे तोंड करून शोधावं लागतं. टीके७ सापडला कारण त्याचा काजू मोठा आहे आणि तो सूर्यापासून बराच दूर डोकावतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेन्नू या लघुग्रहाकडे निघालेल्या नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने वाटेत एल४ कडे कॅमेरा वळवला होता. नवा ट्रोजन एकही मिळाला नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज गुरू प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून पाहता सूर्याच्या बरोबर उलट बाजूला. उमरेड रस्त्याला काकांच्या साडूंच्या शेतावर गेलो. थंडी कडाक्याची, शेकोटी मात्र निरीक्षण संपेपर्यंत पेटवू दिली नाही, त्यावरून थोडी कुरबुर.

गुरू पुनर्वसूत, डोक्याच्या जवळपास, डोळे दिपवणारा. ट्रोजन म्हणजे मुळात याचेच. लाग्रांजने १७७२ मध्ये कागदावर दाखवलं होतं की दोन मोठ्या वस्तूंबरोबर समभुज त्रिकोण साधणारी तिसरी हलकी वस्तू तशीच फिरत राहू शकते. त्यालाही हे गणितापुरतंच वाटलं असावं. तिथे खरोखर कुणी राहतं हे कळायला २२ फेब्रुवारी १९०६ उजाडला : हायडेलबर्गला माक्स वोल्फला ५८८ अकिलीस सापडला. मग पात्रोक्लस, हेक्टर, आणि योहान पालिसाच्या सूचनेवरून सगळ्यांना ट्रॉयच्या युद्धातली नावं. पुढची बाजू ग्रीकांची, मागची ट्रॉयवाल्यांची. ही वाटणी ठरायच्या आधीच ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांत आणि ग्रीकांचा पात्रोक्लस ट्रॉयवाल्यांत जाऊन बसला होता. काका लगेच : “म्हणजे युयुत्सू!” कौरवांतून उठून पांडवांकडे गेलेला. मुलींना युयुत्सू कोण ते सांगण्यात पंधरा मिनिटं गेली, पण वाया नाही गेली.

बारा वाजता दोन्ही छावण्या क्षितिजापासून साधारण वीस अंशांवर, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. हात लांब करून मुठीने मोजलं, एक मूठ म्हणजे दहा अंश. गुरूपासून पूर्वेला सात मुठी : सिंह संपून कन्या लागते तिथे, उत्तरा फाल्गुनीच्या पुढे. पश्चिमेला सात मुठी : मेषेत, कृत्तिकांच्या अलीकडे. धाकटीने पकडलं, “सात कसे? साठ म्हणजे सहा मुठी पाहिजे.” साठ अंश सूर्यावरून. आपण सूर्य सोडून गुरूच्या बाजूला एवढे पुढे आलोय, म्हणून आपल्याला कोन मोठा दिसतो. शेतातल्या मातीवर काडीने त्रिकोण काढून दाखवला, मोबाइलच्या उजेडात. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, आमच्या सहा इंची दुर्बिणीलाही नाही. तरी दहा हजारांहून जास्त नोंदलेले लघुग्रह त्या दोन रिकाम्या तुकड्यांत आहेत हे माहीत असताना बघणं वेगळं असतं.

नासाचं ल्यूसी यान तिकडे निघालेलं आहे. १२ ऑगस्ट २०२७ ला ग्रीकांकडच्या युरिबेटीसपाशी, आणि २०३३ मध्ये उलट बाजूला पात्रोक्लसपाशी.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर पतंग, यंत्र खाली, काम बंद.

१८ जानेवारी, रविवार

स्क्रीनचं काम सुरू. सूर्य, ग्रह, कण. तिघांत फक्त न्यूटनची ओढ. थोरलीने आधी पुस्तकातली सरळ ऑयलर पद्धत वापरली. पन्नास फेऱ्यांत ग्रहच बाहेर वाहत गेला, कारण ही पद्धत प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा खोटी वाढवत जाते. तिच्या जागी लीपफ्रॉग घातली : अर्धं पाऊल वेग, पूर्ण पाऊल जागा, पुन्हा अर्धं पाऊल वेग. ओळी जवळजवळ तेवढ्याच, पण ऊर्जा हजारो फेऱ्या जागच्या जागी.

पृथ्वीचं खरं वजन ठेवलं तर ट्रोजनची एक झुलणी, म्हणजे ६० अंशांच्या जागेभोवती काजूची पुढे-मागे एक खेप, सुमारे २२० वर्षांची. पाहुणे एवढे थांबणार नाहीत. वजन सूर्याच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकं केलं, झुलणी साडेअडतीस वर्षांवर आली. एका सेकंदाला एक वर्ष धरलं तर पाऊण मिनिटाच्या आत. सूत्र साधं आहे : ग्रह-सूर्य वस्तुमान-गुणोत्तराला ६.७५ ने गुणायचं, त्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने ग्रहाच्या वर्षाला भागायचं. गुरूचे आकडे घातले तर १४८ वर्षं येतात. म्हणजे अकिलीस सापडला त्याला यंदा १२० वर्षं होतील आणि तेव्हापासून त्याची एक झुलणीही पुरी झालेली नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज नाल उमटली. ग्रहाच्या कक्षेपेक्षा दोन टक्क्यांनी आतल्या वर्तुळावर कण सोडला. आतला म्हणून वेगवान. मागून ग्रहाच्या जवळ येत गेला, सतराएक अंशांवर आला आणि तिथून वळला. ग्रहाला ओलांडून गेलाच नाही. बाहेरच्या वर्तुळावर चढला, मागे मागे पडत सगळी वाट उलटी फिरून ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला आला, तिथून पुन्हा आत. ग्रह स्थिर धरलेल्या चित्रात घोड्याची नाल, तोंड ग्रहाकडे. अख्खी नाल पुरी व्हायला सत्तर-ऐंशी फेऱ्या.

काकांना वळणं पटेना, आणि त्यांचं बरोबर होतं, ते पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. “पृथ्वी त्याले समोरून ओढून राहिली. ओढलं तं जोरात यावं ना? हा माघारी काहून चालला?” पुढून ओढ लागली की त्याची ऊर्जा वाढते, पण कक्षेत वाढलेली ऊर्जा वर चढण्यात जाते. कक्षा मोठी होते, आणि मोठ्या कक्षेत चाल मंद. म्हणजे पुढे ओढलेला मागे पडतो. दुसऱ्या टोकाला उलट : पृथ्वी त्याला मागे खेचते, तो आत घसरतो आणि त्यामुळेच वेग धरून निसटतो. काका बराच वेळ स्क्रीनसमोर बसले. मग म्हणाले, हे फलकावर लिहू नका, लोकांनाच आधी विचारा, ‘आता हा कुठं जाईल?’ तेच करायचं.

क्रुइन्या असाच नालेवर आहे, काजूसकट. त्याचं वर्ष आपल्यापेक्षा जेमतेम एक दिवस लहान, म्हणजे दर वर्षी सुमारे एक अंश सरकणं. नालेची एक पूर्ण खेप ७७० वर्षांच्या आसपास. हे १९९७ मध्ये वीगर्ट, इनानेन आणि मिक्कोला यांनी दाखवलं, शोध लागल्यावर अकरा वर्षांनी. सूर्याभोवतीची कक्षा एवढी लांबट आणि तिरपी की त्यात हा ताल लपलेला आहे हे नुसत्या नजरेने लक्षात येण्यासारखं नव्हतंच.

१ फेब्रुवारी, रविवार

थोरलीने ग्रहाचं वजन वाढवत नेलं. ग्रह सूर्याच्या पंचविसाव्या हिश्शाहून जड झाला की ६० अंशांवरचा कण दोन-चार फेऱ्यांत भेलकांडतो आणि फेकला जातो. पुस्तकातला आकडा २४.९६ आहे, आमच्या स्क्रीनवरही तिथेच मोडतं. तिला फार आनंद झाला, मलाही.

८ फेब्रुवारी, रविवार

फलकावरून वाद. थोरलीला वर मोठ्या अक्षरात ‘पृथ्वीचा दुसरा चंद्र?’ हवं, प्रश्नचिन्हासकट, लोक थांबावेत म्हणून. मला ते नको. प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही, चंद्र वाचतात. शेवटी धाकटीने मार्ग काढला : २८ डिसेंबरचा कागदच मोठा करून छापायचा, ३ मिमीचा टिपका मधोमध, खाली फक्त दोन अंतरं. खरा चंद्र ३ लाख ८४ हजार किमी. कामोओआलेवा दीड ते चार कोटी किमी. शीर्षक नाहीच.

ग्रुपवर गाजलेल्या २०२५ पीएन७ ला एक ओळ : १९६०च्या दशकापासून सोबत आहे, २०८३ च्या सुमारास ही सोबत सुटेल. कामोओआलेवाला जास्त जागा. २०२१ मध्ये त्याच्यावरून परतलेला प्रकाश तपासला तेव्हा तो चंद्रावरच्या खडकांशी जुळला, म्हणजे कधीकाळी आघाताने चंद्रावरून उडालेला तुकडा असू शकतो. दुसरा चंद्र नव्हे, पण कदाचित पहिल्याचाच कपचा. चीनचं त्येनवेन-२ यान मे २०२५ मध्ये निघालंय, यंदाच्या जुलैत पोचणार आणि नमुना घेऊन परतणार.

आदित्य-एल१ बद्दल सगळे विचारणार, तयारी हवी. ते एल१ वर आहे, १५ लाख किमीवर, सूर्य-पृथ्वीच्या रेषेत. तिथे गोष्टी आपोआप टिकत नाहीत, इंधन खर्चून यान सावरत राहावं लागतं. म्हणून एल१ ला लघुग्रहांची वस्ती नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पूर्ण तालीम. ऊन आत्ताच चटके देतंय. जेल पेनची शाई वळणांवर साचते, कारण तिथे पेन कागदावर जवळजवळ उभाच राहतो. बॉलपेन लावला, रेघ फिकी पण स्वच्छ. प्रत्येक पाहुण्याला स्वतःचा काजू घरी न्यायला मिळावा म्हणून मधे छिद्र पाडलेले गोल कागद कापून ठेवले. काकांनी थाळीच्या कडेला चार चिमटे बसवले, कागद बदलायला आता दहा सेकंद.

२८ फेब्रुवारी, शनिवार

टेबल दाराजवळचं मिळालं, त्यामुळे गर्दी सकाळपासून. लोक आधी पेनकडे बघतात, मग कागदाकडे, मग पुन्हा पेनकडे. धाकटीने ते मोजायला सुरुवात केली आणि कंटाळून सोडून दिलं. ‘आता हा कुठं जाईल?’ला बरोबर उत्तर फारच थोड्यांनी दिलं. त्यात एक ऑटोवाले भाऊ होते, कारण विचारल्यावर म्हणाले, “अंदाज.”

दुपारी सहावी-सातवीतला एक मुलगा आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पृथ्वी पुसून टाकली तं?” थोरली म्हणाली, पूस. त्याने बोट ओलं करून टिपका घासला, कागदाला भोक पडेपर्यंत. थोरलीने यंत्र पुन्हा चालू केलं. तोच ३ बाय ६ चा काजू, आधीच्याच रेघेवर, भोकाभोवती. “कायच फरक नाही?” तो जवळजवळ चिडला. एका वर्षात नाही. थाळीच्या प्रोग्रॅममध्ये पृथ्वीची ओढ घातलेलीच नव्हती, आणि खऱ्या आकाशातही वर्षभराच्या वळशात तिचा वाटा इतका थोडा की बॉलपेनच्या रेघेत मावेल. मग त्याला स्क्रीनकडे नेलं. तिथे ग्रहाचं वजन शून्य केलं आणि नालेवरचा कण सोडला. या वेळी तो वळला नाही. ग्रहाच्या जागेवरून सरळ पुढे निघून गेला, फेरीमागून फेरी, कुणी अडवायलाच नाही.

“म्हणजे ती फक्त परत पाठवते,” तो म्हणाला. फलकावर आम्ही चार ओळींत लिहिलं होतं ते.

परीक्षकांनी काय दिलं ते लिहीत नाही. प्रशस्तिपत्र काकांकडे आहे.

८ मार्च, रविवार

सामान आवरलं. थाळीचं बेअरिंग कुरकुरतंय, ग्रीस हवं. काटोलच्या एका शाळेने एप्रिलआधी यंत्र मागितलंय, त्यासाठी चौकट दोन तुकड्यांत सुटेल अशी करायची.

पुढचं काम थोरलीने सुचवलं आणि ते करण्यासारखं आहे : शनीचे जेनस आणि एपिमीथियस हे दोन चंद्र. आत्तापर्यंतच्या सगळ्या जोड्यांत एक राजा, एक कण. इथे दोघेही वजनदार, जेनस साडेतीन पटींनी जड. दोघांच्या कक्षांत फरक जेमतेम ५० किमीचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अंगापेक्षाही कमी. आतला बाहेरच्याला गाठतो, पण धडकत नाहीत. जवळ येतात, कक्षा बदलून घेतात, आतला बाहेर, बाहेरचा आत. दर चार वर्षांनी : २००६, २०१०, २०१४, त्या हिशेबाने हे वर्षही अदलाबदलीचं. दोघांना दोन नाली, जड असलेल्याची आखूड.

त्याला दुसरा पेन लागेल, आणि दोन पेनांच्या चौकटी एकमेकींना अडणार. काका म्हणतात एक वरून, एक खालून, थाळी काचेची. काचेला भाव विचारून ठेवायचा आहे. प्लायच्या दुकानवाल्याने इतवारीतला एक पत्ता दिलाय.